केल्डविकच्या किनाऱ्यावरची हाक

केल्डविकच्या किनाऱ्यावर कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारत नाही. मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी "सानिका, पुढे जाऊ नकोस" म्हणून ओरडलं, तेव्हा तो कुत्रा घेऊन चाललेला म्हातारा जागच्या जागी थांबला, पाहिलंत ना? तो रागावला नव्हता. इथली माणसं परक्यांवर रागावत नाहीत. पण सानिका तुमच्याजवळ येऊन पोहोचेपर्यंत तो हलला नाही. मग टोपीला हात लावून निघून गेला.

मी चौऱ्याहत्तर साली आपला देश सोडून इथल्या छोट्या दवाखान्यात परिचारिका म्हणून आले, तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसलाच काहीतरी संकोचाचा प्रकार असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही. या, इथे कठड्यापाशी उभे राहा, म्हणजे सगळं नीट दिसेल.

गाव हे एवढंच. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत लाल कौलांची घरं, एकाच्या खांद्यावर दुसरं उभं राहावं तशी. मधून ओढा वाहतो आणि त्याच्या तोंडाशी मूठभर वाळू आहे. वर कड्यावर चर्च. कडा मातीचा आहे, दर हिवाळ्यात थोडा थोडा ढासळतो, आणि चर्चमागची अर्धी दफनभूमी त्याच्याबरोबर खाली गेलेली आहे. समुद्र वर्षातले दहा महिने करडाच असतो. आता ओहोटी आहे म्हणून ते काळे खडक दिसताहेत. किनाऱ्याला समांतर, करवतीच्या दात्यांसारखे लांबवर गेलेले. त्यांच्यात एकच फट आहे. एका वेळी एकच होडी जाईल इतकी अरुंद. तिला इथे 'दार' म्हणतात. आणि दाराच्या बरोबर समोर, वाळूच्या वर, तो जो सपाट माथ्याचा दगड आहे, तो हाकेचा दगड.

ही हकीकत मला माझ्या शेजारीण विनिफ्रेड स्टोनहाउस यांनी सांगितली. त्यांना त्यांच्या आजीने सांगितली होती. खरी किती, कोण जाणे. मी ऐकली तशी सांगते.

अडीचशे वर्षांपूर्वी, म्हणे, या गावात सात होड्या होत्या. हेरिंग मासळीवर गाव जगायचं. पुरुष पहाटे दारातून बाहेर पडत आणि दुपारच्या भरतीला परत येत. वाऱ्याची भीती त्यांना फारशी नव्हती, वारा आधी वर्दी देतो. भीती होती धुक्याची. इथलं धुकं समुद्रावरून चालत येतं. स्वच्छ उन्हात बसलेलं असावं आणि पाच मिनिटांत स्वतःचा हात दिसू नये. अशा धुक्यात खडक कुठे आणि दार कुठे हे कुणालाच कळत नसे. तेव्हा ना दीपगृह होतं, ना भोंगा. होता तो फक्त आवाज.

पण आवाजही कुठूनही देऊन चालत नसे. या कड्यांना आवाज आपटतो, फिरतो आणि भलतीकडूनच ऐकू येतो. फक्त त्या दगडावरून मारलेली हाक दारातून सरळ बाहेर जाते. म्हणून गावाने नियम केला होता. धुकं उतरलं की होड्यांनी खडकांच्या बाहेर थांबायचं. दगडावर एकच बाई उभी राहील. ती एकेका तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, नाव घेईल. ज्याचं नाव येईल त्याने "आलो" म्हणायचं आणि आवाजाच्या रोखाने होडी आत घालायची. बाकीच्यांनी थांबायचं. वयाने सर्वांत मोठा तांडेल पहिला, सर्वांत धाकटा शेवटचा. किनाऱ्यावर जमलेल्या बाकीच्या बायकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. नाव घेतल्याशिवाय आत यायचं नाही आणि नाव आल्यावर बाहेर राहायचं नाही, हे पोरांना चालायला लागल्यापासून शिकवत असत.

त्या वेळी हाक देणारी बाई होती डॉर्कस हेब्डन. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. उंच, हाडापेराने मोठी, आणि आवाज असा की चर्चमध्ये ती गाऊ लागली की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघत. अकरा वर्षं तिने त्या दगडावरून हाका दिल्या आणि अकरा वर्षांत एकाही होडीचं फळकूट मोडलं नाही. तिच्या आवाजावर गावाचा जीव टांगलेला होता, आणि गावाला त्याची चिंता वाटत नव्हती.

तिला एकच मुलगा, एबल. बावीस वर्षांचा झाल्यावर तो बापाच्या होडीचा तांडेल झाला. सातही जणांत धाकटा. म्हणजे हाकेत त्याचं नाव सातवं.

ऑक्टोबरातला दिवस होता. सकाळी ऊन होतं, समुद्र तेलासारखा शांत. दुपारी, होड्या परतीला लागल्या असताना, धुकं आलं. बायका वाळूवर जमल्या. डॉर्कस दगडावर चढली. बाहेर होड्या गोळा होत असल्याचे आवाज येत होते, वल्ह्यांचे, माणसांच्या खोकण्याचे. भरती उतरणीला लागली होती आणि खालून एक जड लाट उठू लागली होती. वेळ होता, पण फार नव्हता.

पहिलं नाव जोसाया वॉर्डेलचं. साठीचा तांडेल, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला. डॉर्कसने श्वास घेतला. आणि तेवढ्यात तिला एबलचा आवाज ऐकू आला. तो आपल्या होडीतल्या कुणाला तरी काही सांगत होता. तो आवाज दाराच्या समोरून येत नव्हता. डावीकडून येत होता, जिथे खडक सर्वांत उंच आहेत तिथून. होडी वाहत चालली आहे, तिला वाटलं. आणखी दोन लाटा, की संपलं.

तिने हाक मारली, "एबल!"

बाहेर वल्ह्यांचे आवाज थांबले. मग एबलचा आवाज आला, "आलो." अकरा वर्षांत क्रम कधी चुकला नव्हता. पण नाव आलं तर यायचं, हा नियम. तो आला. होडी दारातून सरळ आत आली आणि वाळूला लागली.

जोसायाची बायको मार्था दगडाच्या पायथ्याशीच उभी होती. ती वर बघून म्हणाली, "जोसायाचं नाव गाळलंस तू."

"आता घेते. मार्था, गप्प राहा, आता घेते त्याचं," डॉर्कस म्हणाली.

"तुझा आला आत. आता आमची आठवण येईल तुला!"

आणि मार्था पाण्याकडे धावली. घोटाभर पाण्यात उभी राहून तिने नवऱ्याला हाक मारली, "जोसाया! जोसाया, मी इथे आहे, इकडे ये!"

डॉर्कसनेही त्याच क्षणी त्याचं नाव घेतलं, असं सांगतात. जोसायाला एकाच वेळी दोन हाका ऐकू आल्या. एक हाक देणारीची, नुकतीच चुकलेली. दुसरी घरच्या माणसाची. तो घरच्या हाकेकडे वळला.

लाकूड फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पण तो कुणाच्या होडीचा, हे धुक्यात कुणाला कळणार? बायकांना एवढंच कळलं की डॉर्कसवर आता भरवसा नाही. त्या किनाराभर पांगल्या. कुणी ओढ्याच्या तोंडाशी, कुणी कड्याखाली, कुणी गुडघाभर पाण्यात. जिला जिथे जागा मिळाली तिथून ती आपल्या माणसाला बोलावू लागली. बायका नवऱ्यांना, आया मुलांना, बहिणी भावांना. वीस-पंचवीस आवाज त्या कड्यांवर आपटून फिरू लागले. डॉर्कस दगडावरून ओरडत होती, "गप्प बसा! देवासाठी गप्प बसा!" मग ती क्रमाने नावं घेऊ लागली, दुसरं, तिसरं, चौथं, पुन्हा पहिल्यापासून. पण आता तिचा आवाज त्या सगळ्यांतला एक झाला होता. आणि बाहेरचा प्रत्येक माणूस, आपल्या घरच्या आवाजात आपलं नाव ऐकून, त्या दिशेने होडी घालत होता.

तीनच्या सुमाराला धुकं विरलं. वाळूवर एक होडी होती. बाकी सहा होड्यांची लाकडं दारापासून कड्यापर्यंत खडकांवर पसरली होती. सव्वीस माणसं गेली. एबल आणि त्याच्या होडीतले तिघे वाचले, आणि ते तिघे हिवाळा संपायच्या आत बायकामुलांसह गाव सोडून गेले.

नऊ दिवस एकही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही. समुद्र इथे बुडालेलं सहसा ठेवून घेत नाही, दोन-तीन दिवसांत परत आणून टाकतो. बायका रोज सकाळी वाळूवर येऊन उभ्या राहत आणि रिकाम्या हाताने घरी जात. दहाव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, कोण ते आता कुणाला माहीत नाही: "ते बाहेर थांबलेत. नाव घेतल्याशिवाय यायचं नाही हे त्यांना शिकवलेलं आहे."

त्या सगळ्या मिळून डॉर्कसच्या दारी गेल्या. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नव्हती. मार्था पुढे झाली आणि म्हणाली, "चल. त्यांना बोलाव. आणि या वेळी क्रमाने."

डॉर्कस उठली. हवा स्वच्छ होती, उन्हात समुद्र चकाकत होता. ती दगडावर चढली आणि तिने जोसाया वॉर्डेलचं नाव घेतलं. एकदाच. पुढच्या भरतीला जोसाया आला, म्हणे, आणि त्याच्यामागे त्याच्या होडीतली माणसं. दारातून आत, वाळूवर. मग दुसऱ्या तांडेलाचं नाव. दुसरी भरती. एका भरतीला एक होडी, अशी तीन दिवसांत सव्वीस माणसं घरी आली. डॉर्कस तीन दिवस दगडावरून खाली उतरली नाही. मार्था तिला पाणी नेऊन देत होती.

आणि तिन्ही दिवस एबल मागे, ओढ्याच्या भिंतीला टेकून उभा होता.

सहावी होडी आल्यावर डॉर्कस खाली उतरली. तिने ओल्या वाळूत दोन्ही हात रोवले आणि शपथ घेतली: या तोंडातून पुन्हा कुणाचं नाव निघणार नाही. बाकीच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं. प्रत्येकीला आपापली हाक आठवत होती. एकेक करून त्याही गुडघ्यांवर बसल्या, वाळूत हात घातले आणि म्हणाल्या, या किनाऱ्यावर आम्ही कुणाला नाव घेऊन बोलावणार नाही, आमच्या मुली बोलावणार नाहीत, त्यांच्या मुली बोलावणार नाहीत.

त्या हिवाळ्यात एबलला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही, असं विनिफ्रेडबाई आवर्जून सांगायच्या. बोलले असते तर बरं झालं असतं, हेही सांगायच्या. तो विधवांच्या घरांची कौलं शाकारून द्यायचा, लाकडं फोडून द्यायचा, थडग्यांसाठी कड्यावरची माती त्यानेच खणली होती. बायका त्याला खायला द्यायच्या आणि ताटलीकडे बघत उभ्या राहायच्या. त्याच्या वयाचा एकही पुरुष गावात उरला नव्हता.

घरी मायलेक समोरासमोर बसत. मार्चमधल्या एका सकाळी तो आईला म्हणाला, "माझी पाळी सातवी होती."

डॉर्कस म्हणाली, "तुझी होडी खडकाकडे चालली होती. मी ऐकलं."

"मी दाराच्या समोर होतो, आई. खडक लांब होते."

"तुझा आवाज डावीकडून येत होता."

"धुक्यात येतो तसा. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

अकरा वर्षं तिचे जे कान कधी चुकले नाहीत, ते त्या एका आवाजासाठी चुकले होते. की चुकलेच नव्हते, आणि आपल्याला जे ऐकायचं होतं तेच आपण ऐकलं? हे तिचं तिलाच शेवटपर्यंत कळलं नाही. तिने पुढे मार्थाला तसं सांगितलं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आलं.

एबल उठला, बाहेर गेला. थोड्या वेळाने डॉर्कसने खिडकीतून पाहिलं, तर तो एकटाच होडी पाण्यात लोटत होता. चार माणसांची होडी. ती धावत दगडापाशी आली. मार्था तिथेच खडकावरून शिंपले खरवडत बसली होती. होडी दारातून बाहेर पडत होती. एबल पाठमोरा उभा राहून एकाच वल्ह्याने ती ढकलत होता.

मार्थाने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "हाक मार त्याला."

डॉर्कसने मानेनेच नाही म्हटलं.

"तुझी शपथ मी सोडवते. आम्ही सगळ्या सोडवतो. तो तुझ्या हाकेवर येतो. डॉर्कस, मार हाक."

डॉर्कस दगडावर चढली. तिने तोंड उघडलं. कड्याच्या त्या टोकापर्यंत जाणारा तिचा आवाज, त्याचा एक धागाही बाहेर आला नाही. नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा तुटतील इतका. होडी लहान होत चालली.

मग मार्था पाण्याकडे चार पावलं गेली. तिनेही श्वास घेतला. पण घोटाला पाणी लागताच ती थांबली, आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. ऊन होतं, वारा नव्हता, दहा मैलांपर्यंत दिसत होतं. होडी दिसेनाशी व्हायला फार वेळ लागला. एबलने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तो परत आला नाही, आणि त्याचं प्रेतही कधी आलं नाही. त्याला कुणी बोलावलंच नाही, त्यामुळे तो आला नाही, असं गाव मानतं.

डॉर्कस त्यानंतर बावीस वर्षं जगली. आवाज परत आला नाही, बोलायची ती कुजबुजत. ओहोटीच्या वेळी ती दगडाशी बसायची, आणि मार्था तिच्यासाठी पाव घेऊन यायची. दोघी शेजारी बसायच्या. त्या मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना शेजारी बसायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढे दीपगृह आलं, भोंगा आला, आगगाडी आली आणि गेलीही. हेरिंग संपलं. आता या घरांपैकी निम्मी शहरातल्या लोकांची आहेत, ऑगस्टात उघडतात आणि सप्टेंबरात बंद होतात. मासेमारी करणारा एकही माणूस इथे उरलेला नाही. इतकी माणसं जिच्यासाठी मेली, ती गोष्टच राहिली नाही. राहिली ती फक्त शपथ.

मला वाटायचं, ही जुन्या लोकांची समजूत आहे, नवीन माणसांनी कशाला पाळायची? मग एका नोव्हेंबरात विनिफ्रेडबाईंचे यजमान, रेजिनाल्ड, दुपारी फिरत फिरत त्या खडकांवर गेले. त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. भरती चढत होती आणि खडक एकेक करून पाण्याखाली जात होते. ते सर्वांत बाहेरच्या खडकावर उभे राहून समुद्राकडे बघत होते. विनिफ्रेडबाई आणि मी वाळूवर होतो. मी म्हणाले, "हाक मारा ना त्यांना!" माझा आवाज चढला होता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला, माझ्याकडे न बघता. मग बूट काढले आणि पाण्यात शिरल्या. एकाहत्तर वर्षांची बाई, पायाने खडक चाचपत, वळसा घालत, छातीपर्यंत भिजत त्या नवऱ्यापाशी पोहोचल्या आणि त्याच वाटेने त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. बाहेर यायला अर्धा तास लागला. ती थंडी रेजिनाल्डना सोसली नाही. पंधरा दिवसांत ते गेले.

दफनविधीनंतर मी त्यांना विचारलं. मी परिचारिका, मला राग आला होता. एक हाक, आणि ते केव्हाच वळले असते.

त्या म्हणाल्या, "तेच तर. ते वळले असते आणि सरळ माझ्याकडे आले असते. मधलं पाणी त्यांना दिसलं नसतं."

आजही इथे ज्याला बोलवायचं असेल त्याच्यापर्यंत चालत जातात. कितीही लांब असला, पाऊस असला, धुकं असलं तरी. तुम्ही पाहाल, वाळूवर माणसं एकमेकांकडे चालत जाताना दिसतील, आणि जवळ पोहोचल्यावर खांद्याला हात लावून हळू आवाजात बोलताना. पुष्कळदा उशीर होतो. पोहोचेपर्यंत समोरचा आणखी पुढे गेलेला असतो. तरी मागून कुणी ओरडत नाही. चालत राहतात.